बिनवासाचा हिवाळा

दिवाळी सरली की भिलाईत सकाळचं पाणी हाताला गार लागायला लागतं आणि सुपेल्याच्या बाजारात सांबाराचे ढीग दिसू लागतात. आम्हा भंडाऱ्याकडून आलेल्या लोकांत कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. विकणारी बाई ढिगावर पाणी शिंपडते आणि तो वास उठतो. हिरवा, थोडा तिखट, थोडा मातीचा. लोक जुडी उचलतात, देठ पाहतात आणि पिशवीत टाकतात. मी जुडी हातात घेऊन उभीच राहते. मागून कोणी तरी म्हणतं, "अम्मा, लेना है तो लो, नहीं तो हटो." मी घेते. घरी येऊन निवडायला बसते आणि निवडता निवडता माझे हात थांबतात. दरवर्षी असंच होतं. हिवाळा हा आमच्याकडचा सगळ्यात चांगला ऋतू, असं सगळेच म्हणतात. मला तो सोसत नाही.

यंदा सुनेनं बाल्कनीत एक कुंडी आणून ठेवली आहे. झाड तुळशीसारखंच, पण पानं मोठी, गुळगुळीत, जरा फुगीर. "मम्मी, ये अपनी तुलसी की बहन है. खाने में डालेंगे," असं ती म्हणाली आणि तिनं दोन पानं खुडून चीज घातलेल्या कशावर तरी टाकली. मुलाला ते विचित्र वाटलं. मला वाटलं नाही. तुळस जेवणात घालणारी बाई मी आधीच पाहिली होती. ती माझी माय.

एकोणीसशे साठच्या सुरुवातीची ती वर्षं. सेक्टर 2 मधली घरं इतकी नवी होती की भिंतीला टेकून बसलं तर पाठीला चुना लागायचा. बाबा पोलादाच्या प्लांटात रिगर होते. मोठमोठे लोखंडी गर्डर साखळ्यांनी बांधून क्रेननं वर चढवायचे, हे त्यांचं काम. प्लांट अजून उभा राहत होता. एका भट्टीचं काम आटोपलं की दुसरीचा पाया खणला जायचा, आणि बाबांच्या कपड्यांतून ग्रीस, गंज आणि घाम यांचा मिळून एक वास यायचा. झाडं नव्हतीच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल मुरूम, मधूनच विटांचा खच, सिमेंटच्या फाटक्या पिशव्या. उन्हाळ्यात तो मुरूम असा तापायचा की अनवाणी पाय ठेववत नसे.

मायच्या माहेरी, साकोलीकडच्या एका खेड्यात, शेत असं नव्हतं. पण घरामागं वाडी होती. वाडी म्हणजे भाजीपाल्याचा लहानसा तुकडा. तिथं ती मिरची, वांगी, सांबार यांच्यात वाढली. क्वार्टरमध्ये आल्यावर तिनं सगळ्यात आधी मागचं दार उघडून बाहेर पाहिलं, असं बाबा सांगायचे. बाहेर मुरूम होता. दुसऱ्या दिवशी तिनं सब्बल, म्हणजे पहार, मागून आणली आणि मोरीचं पाणी जिथं बाहेर पडायचं तिथं खणायला सुरुवात केली. बाबा सुट्टीच्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून अहिवाऱ्याच्या रस्त्याकडून काळी माती आणायचे. सुपेल्याच्या गौळ्याकडून शेण यायचं. असं करत करत मागच्या भिंतीच्या लांबीएवढा एक वाफा झाला.

त्या वाफ्यात काय नव्हतं! सांबार तर होताच. मोरीच्या तोंडाशी पुदिना, कारण त्याला पाणी लागतं. कोपऱ्यात गवती चहा. एका फुटक्या घमेल्यात ओव्याच्या पानांचं झाड. त्याची जाड, केसाळ पानं बेसनात बुडवून ती भजी करायची. गोडनिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं, रोप शेजारच्या तेलुगू अम्मानं दिलं होतं. "हमारा करिवेपाकु, तुम्हारा गोडनिंब, पेड तो एकच," असं म्हणत तिनंच ते खड्डा करून लावलं. आणि या सगळ्यांच्या मधोमध, पुदिन्याला खेटून, तुळस.

या तुळशीवरून घरात एकदा चांगलंच वाजलं होतं. आमच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. जुने देव, जुनी पूजा, सगळं मागं ठेवलं होतं. बाबा या बाबतीत फार काटेकोर. ते ड्यूटीवरून आले आणि तुळस पाहून दारातच उभे राहिले.

"शकूची माय, हे तुळस कावून लावली?"

"कावून म्हंजे? चायमधी टाकाले लावली."

"आपन दीक्षा घेतली. लोक काय म्हनतीन?"

"म्हनू द्या. मी का तिच्यापुढं दिवा लावून राहिली? वरनात टाकीन, चायमधी टाकीन, पोरीले खोकला झाला तं काढा करीन. झाडाचा का गुन्हा हाय?"

बाबा बूट काढून आत गेले. पण दुसऱ्या बाजूनंही बोलणारे होतेच. पलीकडच्या ओळीतली एक बाई कुंपणाशी उभी राहून म्हणाली होती, मोरीच्या पाण्यावर तुळस लावतात का, पाप लागतं. मायनं तिला पुदिन्याची मूठ दिली आणि विषय संपवला. अशा रीतीनं आमच्याकडं तुळस देवीही राहिली नाही आणि परकीही झाली नाही. ती भाजी झाली. तुरीच्या वरणाला लसणाची फोडणी बसली की माय चार पानं हातानं तोडून वर टाकायची आणि झाकण ठेवायची. झाकण काढलं की जो वास यायचा तो मी नंतर कुठल्याही घरी घेतला नाही.

मायचं नाक हे आमच्या ओळीत सगळ्यांना माहीत होतं. देशभरातली माणसं इथं एका ओळीत राहत होती. सकाळी अकराच्या सुमारास वारा फिरला की माय मागच्या दारात उभी राहून सांगायची: बंगाल्याकडं मोहरीच्या तेलात मासा पडला, अम्माकडं चिंच उकळून राहिली, सरदारजीच्या घरी कांदा लाल झाला, आता करपन. आणि खरंच थोड्या वेळानं करपल्याचा वास यायचा. स्वयंपाक करताना ती चव कधी घेत नसे. वाफेवर तोंड नेलं, की तिला मीठ सोडून सगळं कळायचं. मिठासाठी मात्र ती मला बोलवायची. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन.

त्या वर्षी हिवाळा लवकर आला. मायला दिवस गेलेले होते, चौथा-पाचवा महिना असावा. आणि तिची धाकटी बहीण, इंदू मावशी, गावाहून आमच्याकडं राहायला आली होती. आजा वारला होता, गावात एका चुलत आजाशिवाय दुसरं कोणी नव्हतं. इंदूचं लग्न आता इथूनच, प्लांटात नोकरीला असलेला एखादा मुलगा पाहून करायचं, असं मायनं मनाशी ठरवलं होतं. मावशी मायला "बाई" म्हणायची. गोरी नव्हती, पण हसली की तिच्या गालावर खळी पडायची आणि तिला ते माहीत होतं.

मग ताप आला. आमच्या ओळीतल्या बऱ्याच घरांत आला. सर्दी, अंगदुखी, डोकं फुटायला आलेलं. बाकीचे उठून कामाला लागले तरी माय पडूनच होती. दवाखान्यातून पांढऱ्या गोळ्या आणल्या. मावशी तिला तुळस आणि गवती चहाचा काढा करून द्यायची. ती प्यायची आणि "याच्यात काही टाकलं नाही का?" असं विचारायची. आम्हाला वाटलं, तापामुळं तोंडाला चव नाही. सगळ्यांचंच तसं होतं.

ताप उतरला. माय पुन्हा चुलीशी बसली. तेव्हा कोळशाची सिगडी होती आणि घाईच्या वेळी घासलेटचा स्टोव्ह. मी पुढच्या खोलीत अभ्यास करत होते. लसूण जळाल्याचा वास आला. आधी थोडा, मग डोळ्यांत पाणी येईल इतका. मी आत धावले. माय कढईसमोर बसली होती, हातात पळी होती आणि लसूण काळा कोळसा झाला होता.

"माय, जळून राहिलं!"

"काय जळून राहिलं?" तिनं विचारलं.

मी कढईकडं बोट दाखवलं. तिनं पाहिलं. मग कढई खाली उतरवली, उठली आणि मागच्या दारानं बाहेर गेली. मी तिच्या मागं गेले. तिनं तुळशीचं पान तोडलं, चुरलं आणि नाकाशी धरलं. मग टाकून दिलं आणि मूठभर सांबार उपटला, मुळांसकट. तो दोन्ही हातांनी तोंडावर दाबला. मग पुदिना. मग ओव्याचं पान, जे नुसतं हाताला लागलं तरी दिवसभर वास जात नाही. ते तिनं दातांनी फाडलं. तिच्या हनुवटीवर हिरवा रस आला होता. मला वाटलं माय वेडी झाली.

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "सगळं पान्यासारखं झालं वं, शकू."

पुढं उपाय सुरू झाले. ओवा टाकून वाफारा. नाकात कोमट मोहरीचं तेल. कोणी म्हणालं कांदा फोडून हुंगा, ती हुंगायची आणि डोळ्यांतून पाणी वाहायचं. पाणी यायचं, वास नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिली. ते म्हणाले, तापानंतर असं होतं, कोणाचा परत येतो, कोणाचा येत नाही, वाट पाहावी लागेल. अम्मा कुंपणावरून म्हणायची, "बच्चा होने दो. बच्चा आएगा, सब आएगा." माय मान हलवायची.

माणसाचे डोळे गेले तर त्याला हात धरून रस्ता ओलांडून देतात. कान गेले तर मोठ्यानं बोलतात. नाक गेलेल्या बाईला काय द्यायचं, हे कोणालाच कळत नाही. ऐकणारा आधी हसतोच. "बरं झालं, मोरीचा वास तरी येणार नाही," असं बाबांचे एक मित्र म्हणाले होते, मनानं चांगला माणूस. माय सुद्धा हसली होती. मग आत जाऊन तिनं परातीतलं पीठ इतकं मळलं, इतकं मळलं, की शेवटी मावशीनं तिच्या हातून ते काढून घेतलं.

मला आता वाटतं, तिचं दुःख नुसतं जेवणाचं नव्हतंच. तिला गाव सोडून या मुरमात आणून टाकलं होतं. इथली भाषा धड येत नव्हती, रस्ते सगळे सारखे दिसायचे. तिचं सगळं ओळखणं नाकावर होतं. बाबा ड्यूटीवरून आले की ती पाठमोरी असतानाच म्हणायची, "आले का?" आता बाबा मागं येऊन उभे राहिले की ती दचकायची. स्वतःच्या नवऱ्याला दचकणारी ती बाई मला आजही दिसते.

पण वाफ्यावर मात्र तिनं त्या हिवाळ्यात जीव टाकला. पूर्वी सवड मिळेल तेव्हा पाणी घालायची, आता सकाळ-संध्याकाळ तिथंच. भट्ट्यांकडून येणारी लालसर धूळ पानांवर बसायची, ती ओल्या फडक्यानं एकेक पान पुसून काढायची. पोट वाढत चाललं होतं तरी उकिडवी बसून तण काढायची. कदाचित तिला वाटत असेल, एखाद्या सकाळी अचानक येईल. थोडासा, धाग्याएवढा तरी. आणि वाफा असा माजला की तसा आधी कधी माजला नव्हता. सांबार गुडघ्याएवढा. तुळशीला मंजिऱ्याच मंजिऱ्या. ओळीतल्या बाया वाटी घेऊन यायच्या. "दीदी, थोडा पुदिना." "शकू की मां, दो डंडी धनिया." सगळ्यांच्या घरात आमच्या वाफ्याचा वास जायचा. माय देत राहायची. देताना ती जुडी एकदा नाकाशी न्यायची, सवयीनं, आणि मग पटकन खाली करायची.

स्वयंपाकात मी तिचं नाक झाले. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि सिगडीशी बसायचं. "शकू, वास घेऊन पाह, मसाला भाजला का?" "दूध नासलं तं नाही?" "हे काल रातची भाजी हाय, चांगली हाय का?" मी सांगायचे. कधी मला सर्दी झाली की ती घाबरायची. माझ्या नाकावर सगळं घर जेवत होतं, आणि ते मला आवडायचं सुद्धा, हे आता लिहिताना नवल वाटतं. लहान मुलाला आपण कोणाला लागतो याचाच आनंद असतो. समोर काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

पौषाच्या अखेरीला इंदू मावशीला पाहायला माणसं येणार असं ठरलं. मुलगा प्लांटात क्रेन चालवायचा. बाबांनी त्याला कामावर पाहिलेलं होतं, शांत, दारूचं व्यसन नसलेला. तो सुट्टी घेऊन गोंदियाला घरी गेला होता आणि आईला, मामाला घेऊन गाडीनं येणार होता. मावशीनं त्या आठवड्यात आरशात इतक्या वेळा पाहिलं की बाबा तिला चिडवायला लागले. मायनं ठरवलं, जेवण असं करायचं की माणसं नाव काढतील. सांबारवडी करायची.

सांबारवडी ही आमच्याकडची हिवाळ्यातली मोठी गोष्ट. ढीगभर सांबार बारीक चिरायचा, त्यात खसखस, तीळ, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, मिरची. बेसन-मैद्याची पोळी लाटून त्यात ते सारण भरून, पुडी बांधल्यासारखी बंद करायची आणि तेलात तळायची. बरोबर गोडनिंबाची फोडणी दिलेली कढी. घरचा सांबार इतका आलेला, ती आणखी काय करणार?

आदल्या संध्याकाळी तिनं आणि मावशीनं मिळून सांबार खुडला, धुतला, ओल्या कपड्यात बांधून टोपलीत ठेवला आणि टोपली स्वयंपाकघरातल्या फळीखाली सरकवली. फळीवर घासलेटची बाटली होती. तिचं बूच नीट बसलेलं नव्हतं. बाटली कलली होती की उंदरानं पाडली होती, ते कधीच कळलं नाही. थेंब थेंब करून घासलेट त्या कपड्यात मुरलं.

सकाळी मी घरात नव्हते. बाबांनी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर नेलं होतं मला, लाल रिबिन बांधून. मावशी अम्माकडं केस विंचरून घ्यायला गेली होती. माय एकटीच होती. स्टोव्ह भरलेला, पेटलेला, त्यामुळं खोलीत घासलेटचा वास तसाही होताच. मावशी परत आली तेव्हा तिलाही तो आला. तिला वाटलं स्टोव्हचा आहे.

पाहुणे बसले. ताटं मांडली गेली. मायनं स्वतः वाढलं. पोट सावरत, पदर खोचून, वडीचे चार चार तुकडे. सोनेरी, खुसखुशीत, आतून हिरवीगार. मुलाच्या मामांनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि चावणं थांबवलं. मुलगा खाली मान घालून चावत राहिला. मुलाच्या आईनं तुकडा तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "याच्यात मिट्टीचं तेल पडलं का?"

मायनं हात पुढं केला, परातीतली एक वडी उचलली आणि चावली. नीट, सावकाश चावली. आम्हा सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहत. मी दारात उभी होते. मला तिथूनही तो वास येत होता.

"मले तं चांगली लागली," माय म्हणाली.

बाबा उठून उभे राहिले. "तिले वास येत नाही," ते म्हणाले. "तापात गेला. तिची काही गलती नाही. तुमी भात घ्या, कढी घ्या."

"जन्मापासून हाय का?" मुलाच्या आईनं विचारलं. बाई वाईट नव्हती. आवाजात राग नव्हता, काळजी होती.

"नाही हो, यंदाच."

"घरान्यात आनखी कोनाले?" आणि तिनं मावशीकडं पाहिलं. मग मायच्या पोटाकडं पाहिलं.

मावशी कोपऱ्यात बसली होती, डोक्यावर पदर, नजर खाली, पाहायला आलेल्या मुलीनं बसायचं तशी. ती एकदम म्हणाली, "मले येते वास. मले सगळा येते. मघाशीच आला होता, मले वाटलं इस्टोचा हाय." तिचा आवाज चढला होता. "तुमी काही बी आना, मी सांगतो कशाचा हाय ते. आना काही बी!"

कोणी काही आणलं नाही. मुलानं पहिल्यांदा वर मान केली, तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा ताटात पाहिलं. त्यांनी कढी-भात खाल्ला. चहा घेतला. जाताना मुलाच्या आईनं मायच्या खांद्यावर हात ठेवला आणि "तब्येत सांभाळा" म्हणाली. मग कळवतो म्हणून गेले. निरोप बाबांना कामावरच मिळाला, मुलाकडूनच. तो म्हणे गर्डरकडं पाहत बोलला: आई नाही म्हणते, एकीचं असं झालं, उद्या दुसरीचं झालं तर. बाबांनी हे घरी सांगितलं तेव्हा मावशी भाकरी थापत होती. तिनं ती भाकरी पूर्ण थापली, तव्यावर टाकली, उलटली, शेकली, बाबांच्या ताटात वाढली. मग मागच्या दारात जाऊन बसली.

माय तिच्याजवळ गेली. मी आतून ऐकत होते.

"तू जाय गावाले, इंदू. काकाजवळ राय. माझ्याजवळ राहून तुझं काही होनार नाही."

"बाई, तू कावून असं बोलून राहिली? दुसरा पाहू ना."

"दुसऱ्यालेबी जेवाले वाढा लागन. मी काय वाढू?"

मावशी रडली. माय रडली नाही. मावशी आठवड्याभरात गेली. उन्हाळ्यात तिचं लग्न चुलत आजानं ठरवलं, बालाघाटकडच्या एका बिजवराशी, ज्याची पहिली मुलं जवळजवळ तिच्या खांद्याला लागत होती. त्या घरात तिनं जन्म काढला. मी पुढं तिला भेटले तेव्हा तिच्या गालावरची खळी दिसायची ती फक्त दात पडल्यामुळं. मायला ती कधी एका शब्दानंही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं, असं माय म्हणायची. दोन शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

मावशी गेल्यावर मायनं वाफ्यात जाणं सोडलं. सांगितलं नाही, ठरवलं असंही दिसलं नाही. बादली दाराशी तशीच राहायची. सांबाराला तुरे आले, पांढरी बारीक फुलं आली, मधमाशा घोंगावायला लागल्या. बाया विचारायच्या आणि ती आतूनच म्हणायची, "तोडा, घेऊन जा." तोडून तोडून आणि पाण्यावाचून तो संपला. पुदिना मोरीच्या तोंडाशी थोडा तग धरून होता, मग उष्णता वाढली आणि तोही गेला. ओव्याच्या झाडाचं घमेलं बाबांनी उचलून अम्माच्या अंगणात ठेवलं. तुळस उभ्या उभ्या काडी झाली. मुरूम खालून वर येतो की काळी माती वाऱ्यानं उडून जाते, मला माहीत नाही, पण थोड्याच दिवसांत तिथं वाफा होता असं कोणाला सांगूनही पटलं नसतं.

स्वयंपाक ती करत राहिली. न करून कोण करणार? पण आता ती मला विचारत नसे. मीठ, तिखट, हळद, पाणी. मोजून मापून, सरळ. बाबा जेवून उठायचे, आणि आमच्या घरातलं जेवताना होणारं सगळं बोलणं तेव्हापासून बंद झालं ते झालंच.

पळस फुलला तेव्हा माझा भाऊ झाला. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं त्या दिवशी अम्मा आरती घेऊन आली, मग तिला आठवलं की आमच्याकडं आरती नसते, म्हणून तिनं ती तशीच बाजूला ठेवली आणि नुसती बाळाच्या डोक्यावरून बोटं मोडली. "अब आएगा," ती मायला म्हणाली. "देखो, अब आएगा." सगळे गेल्यावर खोलीत मी, माय आणि बाळ राहिलो. मायनं बाळाच्या टाळूवर नाक टेकवलं. डोळे मिटले. ती श्वास आत ओढायची, थांबायची, पुन्हा ओढायची. त्याचे बारीक केस तिच्या श्वासानं हलत होते. किती तरी वेळ.

मग तिनं डोळे उघडले. "शकू, तू घे वास," ती म्हणाली. "मले सांग कसा येते."

मी वाकले आणि वास घेतला. मला सांगता येईना. कोमट होता, गोड होता, आणि आणखी काही तरी.

"दुधासारखा येते, माय."

"हो का?" तिचा चेहरा जरा उजळला. तिनं बाळाचं टाळकं हातानं कुरवाळलं. आठवायचा प्रयत्न करत असावी, कपाळावर आठ्या पडल्या. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती त्या तापात नव्हती, पाहुणे जेवत होते तेव्हाही नव्हती.

"अन् दुधाचा कसा येते, शकू?"

ती वाट पाहत होती.

"आठवूनबी नाही येत आता," ती म्हणाली.

बाळ रडायला लागलं. तिनं त्याला पदराखाली घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली.